बुडाची मूठ

बोचकं बांधून तयार होतं. आणि ते आशाबाईनं बांधलेलं नव्हतं.

सकाळी झाडू घेऊन ती धान्याच्या खोलीत शिरली तेव्हा तिला दिसलं. दोन लुगडी, पांघरायची एक चौघडी, मिश्रीची डबी, फणी. सगळं एका जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, गाठ मारून, गव्हाच्या कोठीला टेकवून ठेवलेलं. खाटेवरची वाकळ घडी केलेली. मनकर्णाआत्या मागच्या अंगणात सावलीला वाळत घातलेला कडुलिंबाचा पाला खालवर करत होती, रोजच्यासारखी.

ठरलं होतं ते फोनवर. आशाबाई इकडून गारखेड्यातून आणि तिचा धाकटा दीर आप्पासाहेब तिकडून वाळूजच्या कंपनीतून. यंदाचं धान्य शेवटचं. पुढच्या वर्षापासून ज्यानं त्यानं दुकानातून महिन्याचं आणावं. एवढ्या मोठ्या घरात एक अख्खी खोली कोठ्यांना कशाला? मंजू दहावीत चाललीय, पोरीला अभ्यासाला टेबल टाकायला जागा नाही. राहता राहिली आत्या. कोठ्यांच्या मध्ये खाट टाकून ती त्या खोलीत अकरा वर्षं झोपत आली होती. तर तिनं गावी पिशोरला मधल्या दिराकडे, बन्सीकडे जावं, आज टेम्पो धान्य उतरवून परत जाईल त्यातच.

नवऱ्याला, बद्रीनाथला, सांगायचं राहून गेलं होतं. खरं म्हणजे राहू दिलं होतं.

आणि आत्याला तर कुणीच काही सांगितलं नव्हतं. पण कोठीला कान लावून आत किडा चालतोय की नाही हे सांगणाऱ्या बाईला भिंतीपलीकडचा फोन ऐकू जाणार नाही, असं आशाबाईला का वाटलं होतं, कोण जाणे.

*

कोठ्यांच्या झाकणांवर, खडूनं. अक्षर बद्रीनाथचं, मजकूर आत्याचा.

गहू. पिशोर. चैत्र ९५. ओल्या हातानं उघडू नये.

ज्वारी. पिशोर. ही आधी संपवावी, गहू पळून जात नाही.

तूरडाळ. एरंडेल लावलेली. हाताला लागलं तर केसांना पुसा, लुगड्याला नको.

तांदूळ. विकतचा. नजर ठेवणे.

*

पोलीस ॲक्शन झाली त्या साली मनकर्णा पंधरा वर्षांची होती. रझाकारीच्या गडबडीत तिचं सासरचं घर जळालं, गावाबाहेर पडलेला नवरा परत आला नाही. ती पायी पिशोरला माहेरी आली तेव्हा तिच्या पदराच्या टोकाला एक गाठ होती. गाठीत मूठभर गहू, जळक्या कोठीच्या बुडातून खरवडून काढलेले.

थोरल्या भावानं, कारभारीनं, ती गाठ सोडली. सगळ्या घरासमोर ते दाणे आपल्या रिकाम्या कोठीत टाकले आणि त्यावर त्या वर्षाचं धान्य ओतलं. म्हणाला, "माझी बहीण रिकाम्या हातानं आली नाय. हिच्या दाण्यावर आपलं घर भरलंय."

तेव्हापासून ती मूठ कोठीच्या बुडाशी होती. वर्षाचा गहू संपत आला की तेवढे दाणे ठेवायचे. नवा गहू आला की कोठी पुसायची, आधी मूठ, मग माल. दाणे तेच राहिले नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोखरलेले निघायचे, त्यांच्या जागी त्या सालचे पडायचे. पण मूठ तीच. कारभारी गेला, मुलं नोकरीला शहरात आली, बद्रीनाथनं गारखेड्यात घर बांधलं. धान्यासोबत आत्या आली आणि आत्यासोबत मूठ.

परवा, शुक्रवारी, आशाबाईचा भाऊ अचानक जेवायला आला. पीठ संपलेलं. तिनं कोठी कलती करून होतं नव्हतं तेवढं सुपात ओढलं आणि गिरणीत पाठवलं. ओढताना सुपाची कड पत्र्यावर खर्रर्र वाजली. आत्ता कुठं तो आवाज तिच्या कानात वाजायला लागला होता.

पोळ्या चांगल्या झाल्या होत्या. भावानं सहा खाल्ल्या.

*

"केरबा, भोंगा काऊन वाजू राहिला? गल्लीला सांगायचंय का, आमच्या घरी गहू आला म्हून?" आत्यानं ओसरीवरून विचारलं.

"सांगू द्या की माय! ह्यांच्या घरी थैलीत येतो, आपल्या घरी टेम्पोत येतो." केरबा टेम्पोतून खाली उडी मारत म्हणाला. त्याच्या बापाची मेंढरं दर वर्षी बन्सीच्या रानात बसायची. केरबानं मेंढरं विकून टेम्पो घेतला होता. "बाप चार पायाचं हाकायचा, म्या चार चाकाचं हाकतो. चारा मातर दोघांचाबी महाग."

मागून बन्सी उतरला. बद्रीनाथचा पाठचा भाऊ, घरची शेती बघणारा. डोक्याचा रुमाल सोडून त्यानं तोंड पुसलं आणि आत्याच्या पाया पडला.

"यंदा दाणा टपोराय, आत्या. तूच बघ."

"बघते की. बस आधी. पाणी पी."

पोती ओसरीवर उतरत होती तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. आप्पासाहेब. आणि त्याच्या मागोमाग मालाची तीन चाकी रिक्षा, तिच्यात पाच पांढरीशुभ्र पोती, तोंडं मशीननं शिवलेली.

"वहिनी, बघा! गुलमंडीवरून निघताना दुकानात पत्ता दिला, मी पोचायच्या आत माल दारात. सिहोरचा गहू. खडा नाही, काडी नाही, निवडायचं नाही, उन्हात घालायचं नाही. घरपोच!"

बन्सीचा तांब्या हातातच राहिला.

"घरी पिकतंय आन् हा गुलमंडीवरून आणू राहिला."

"दादा, राग मानू नको. तुझा गहू मी कधी नाही म्हटला का? पण पोतं आणा, उतरवा, वाळवा, चाळा, पाला घाला, तेल लावा. कोण करणार इथून पुढं? आत्याचं वय बघ."

"माझ्या वयाला काय झालं?" आत्या म्हणाली.

"काही नाही झालं आत्या. तेच तर म्हणतो, आता आराम कर."

आशाबाईनं नजर खाली घातली. बद्रीनाथ ओसरीच्या कडेला बसून पाल्यातल्या काड्या काढत होता. पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं काढलेला माणूस, पाणी कुठं मुरतं ते त्याला कागदावर कळायचं, घरात उशिरा कळायचं. त्याला या "इथून पुढं"चा अर्थ अजून लागला नव्हता.

"असं कर," आप्पासाहेब हसत म्हणाला, "दोन्ही गहू परातीत घे. आत्यानं सांगावं. आत्या म्हणेल ते मान्य."

बन्सी लगेच उठला. "व्हय. सांगू दे आत्याला. मान्य."

दोघांनाही उत्तर माहीत असल्यासारखं. बन्सीला वाटलं, आत्या घरचंच नाव घेणार. आप्पासाहेबालाही तेच वाटत होतं. घेऊ दे, म्हातारीचं मन राहील, वर्षभरानं कोण विचारतंय.

आशाबाईला मात्र दिसत होतं, आत्याला फक्त एवढंच म्हणायचं होतं, 'घरचाच बरा.' एवढ्या दोन शब्दांवर बन्सी तिच्या बाजूनं उभा राहिला असता, बद्रीनाथ राहिला असता. घरचा गहू यायचा म्हणजे कोठ्या राहायच्या, कोठ्या राहायच्या म्हणजे खोली, खोली म्हणजे खाट.

*

परात. डाव्या बाजूला पिशोरचा ढीग, उजव्या बाजूला दुकानाचा.

आत्यानं आधी हात धुतले आणि पुसले, मग पुन्हा पुसले. पहिल्यांदा परातीला हातच लावला नाही. पोत्याकडे गेली. पिशोरच्या पोत्याचं तोंड सोडून कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच ठेवला, डोळे मिटून, नाडी बघावी तसा. मग दुकानाच्या पोत्यात.

परातीपाशी बसली. डावीकडचे दाणे ओंजळीत घेऊन नाकाशी धरले. उजवीकडचे. डावीकडचे वीतभर उंचीवरून परातीत सोडले, कान तिरका करून ऐकले. उजवीकडचे सोडले. शेवटी एक दाणा दाढेखाली.

तोंडात दोनच दाढा राहिल्या होत्या. "एक गव्हासाठी, एक ज्वारीसाठी," असं ती म्हणायची.

डावीकडचा दाणा. आवाज नाही.

दुसरा दाणा. तिनं तो जिभेवर फिरवला, पुन्हा चावला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. केरबासुद्धा बिडी न पेटवता उभा होता.

उजवीकडचा. कट्.

आत्यानं तोंडातलं हातावर काढलं, पदरानं ओठ पुसले.

"बन्सी, खळ्यावर पाऊस लागला व्हता का रं?"

बन्सी म्हणाला, "आला व्हता थोडा. अवकाळी. लगेच झाकलं. नंतर तीन उन्हं दावली म्या, आत्या. पाय भाजूस्तोवर उन्हात हुबा राहून."

"दावली असशील. वरून वाळलाय. पोटात ओल हाय. रंगबी उडलाय, बघ, पांढुरका पडलाय." तिनं दाणे त्याच्यापुढे धरले. "खायला चांगलाय. पोळी गोड व्हईल. ठेवायला नाय. पाऊसपाणी सुरू झालं की पोरकिडा धरंल."

"आन् ह्यो?" आप्पासाहेबानं विचारलं. हसू त्याच्या तोंडावरून गेलं होतं.

"ह्यो कोरडाय. दुकानदारानं इमानानं दिलाय. कोठीत हाच घालायचा."

*

आता हे सांगायला हवं, की आत्याचा हा स्वभाव काही आजचा नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात पिशोरला कारभारीच्या घरामागचं ज्वारीचं पेव उघडलं, तेव्हा बन्सी आठ वर्षांचा होता. सगळी आळी टोपल्या घेऊन उभी. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठी. वर्षानुवर्षं बंद असली की आत वाईट हवा धरते, घाईनं उतरलेला माणूस वर येत नाही. मनकर्णानं दोरीला कंदील बांधून आत सोडला. विझला. ती पेवाच्या तोंडावर मांडी घालून बसली. दुपारी सोडला, विझला. बायका शिव्या द्यायला लागल्या, 'स्वतःचं पोट भरलंय म्हणून बसलीय.' लेकरं रडत होती, बन्सीही रडत होता, आणि भावजय म्हणत होती, 'वन्सं, उठा आता, दगडं मारतील.' ती उठली नाही. संध्याकाळी कंदील जळता राहिला. मग सगळ्यात आधी ती स्वतः उतरली.

आळीत एकही माणूस त्या वर्षी उपाशी मेला नाही, आणि एकही पेवात मेला नाही.

आशाबाईनं ही गोष्ट लग्न होऊन आल्यापासून पन्नास वेळा ऐकली होती. पण गोष्टीतलं माणूस आणि घरातलं माणूस एकच आहे, हे तिच्या लक्षात राहत नसे. गोष्टीतली मनकर्णा पेवावर बसायची. घरातली आत्याबाई न्हाणीघरात फार वेळ लावायची.

*

"बघा," आप्पासाहेब म्हणाला. "मी म्हणत होतो तेच आत्या म्हणाली."

बन्सी खाली बसला. पोत्याचं तोंड परत बांधत होता, पण गाठ बसत नव्हती.

"आत्या," शेवटी तो म्हणाला, "बापाच्या रानातला गहू. भर ओसरीवर, केरबासमोर, रिक्षावाल्यासमोर. कोठीत घालायचा नाय म्हनलीस."

"बन्सी, पिकवणं तुझं काम. त्यात म्या कधी तोंड घातलं का? ठेवणं माझं. माझ्या कामात खोटं कसं बोलू?"

"येवढं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"भादव्यात बिघडलं असतं. तवा म्या नसते इथं बघाय."

हे शेवटचं ती सहज बोलून गेली. बद्रीनाथनं पाल्यातून मान वर केली.

आप्पासाहेबानं बाह्या सारल्या. "चला, भरून टाकू. अर्ध्या तासाचं काम."

"आज भरायचं, पण आता नाय," आत्या म्हणाली. "पोती उन्हातून आलीत. हात घालून बघ, भाकरीसारखी तापलीत. गरम गहू कोठीत कोंडला की घाम सोडतो. चादरी हातरा, सावलीत पसरा. चार वाजता बघू."

"अगं आत्या, मशीननं साफ केलेला..."

"मशीनला सांग मग भरायला."

केरबा मोठ्यानं हसला. रिक्षावाला पण हसला आणि चहा न घेता निघालेला तो चहाला थांबला.

*

स्वयंपाकघर. आत्या कैऱ्या सोलत होती, आशाबाई भाकरी थापत होती. खिडकीतून ओसरीवरचं ऐकू येत होतं.

"आत्याबाई."

"हं."

"ते बोचकं..."

"टेम्पो जाणाराच हाय ना आज. केरबाला दोनदा कशाला बोलवायचं?"

"तुम्हाला कोण म्हटलं जा म्हणून?"

"कुनी नाय म्हटलं." कैरीची साल एकसंध, लांबच लांब निघत होती. "मंजूला जागा लागती. पोरगी हुशार हाय. पाल्याच्या वासानं अभ्यास करताना शिंकती, म्या बघितलंय. माझं काय, खाट कुठंबी मावती."

"बन्सीभावजींच्या घरी..."

"त्याची बायको भागूबाई जरा बोलती. बोलू दे. तिच्या कोठीत दर वर्षी मुंग्या व्हतात, तेवढं बघून येईन." मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "आशे, लिहून ठेव. डाळीला एरंडेल पुन्हा आषाढात लावायचं. तांदळात मिठाचे खडे फडक्यात बांधून ठेवलेत, ते भातात शिजवू नको. आन् मधल्या कोठीचं झाकण घट्ट बसत नाय, कणकेनं लिंपायचं. आता ही दुकानाच्या मालाची कोठी, पावसाळ्याआधी मोडू नको. बन्सीचा गहू आधी खा. पाऊस पडायच्या आत दोन्ही घरांनी मिळून संपवायचा. त्याला वाईट वाटलंय, पण त्याच्या गव्हाच्या पोळ्या त्यालाच वाढ आज, गोडी कळंल."

बाई निघालेली होती. आणि ज्या घरातून निघालेली होती त्या घराच्या भादव्यातल्या किड्यांची काळजी करत होती.

आशाबाईच्या जिभेवर आलं होतं, आत्याबाई, ती मूठ. भाकरी तव्यावर फुगली, तिनं ती उलटली. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"...आता हिला नेऊ कशी?" बन्सी म्हणत होता. "भागूबाईला कळलं की आत्यानं गहू नाकारला, तर घरात पाय ठिवू देईल का?"

"आत्याला? कुठं न्यायचंय?" हा बद्रीनाथ.

"का? वहिनी बोलल्या नाहीत?" हा आप्पासाहेब.

ओसरीवरून कुणीतरी उठल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं बद्रीनाथ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. आत्याकडे बघितलं नाही. "पाणी दे," म्हणाला. अख्खा तांब्या प्याला. तांब्या जागेवर ठेवला.

"मला सांगायचं होतंस," म्हणाला आणि गेला.

आत्यानं सुरी उचलली. "चिडला नाय त्यो. त्याचा बापबी असाच पाणी प्यायचा."

*

चार वाजता आत्यानं चादरीवरच्या गव्हात हात खुपसला आणि मान हलवली. थंड.

मग सगळे कामाला लागले. एरंडेल तळहातावर घ्यायचं, तळहात तळहाताला चोळायचे आणि गहू ओंजळीतून ओंजळीत घ्यायचा, दाणा चमकेल एवढंच तेल, चिकटेल एवढं नाही. कंपनीत शंभर माणसांवर देखरेख करणारा आप्पासाहेब लहानपणी बसायचा तसा मांडी घालून बसला होता. आत्या त्याच्या हातावर टिचकी मारत होती. "थेंबभर सांगितलं, तू काय वांगं तळू राहिला का?" बन्सी आधी लांब बसला होता. दुपारी आपल्याच गव्हाच्या पोळ्या खाऊन त्याचा राग निम्मा उतरला होता. मग तोही चादरीच्या कडेला सरकला. त्याच्याएवढ्या सफाईनं तेलाचा हात कुणालाच जमत नव्हता. आत्या म्हणाली, "बघ, आप्पा. ह्याला म्हनतात हात." बन्सीचा उरलेला राग तिथंच गेला.

आशाबाईची नजर रिकाम्या कोठीवरून हटत नव्हती.

"कोठी कलती कर रं, बद्री."

बद्रीनाथनं छातीएवढी उंच कोठी अलगद आडवी केली. सगळे उठून उभे राहिले. हे दर वर्षीचं होतं. बन्सीनं रुमाल काढला. आप्पासाहेबानं चपला काढल्या, त्यालाही कुणी सांगावं लागलं नाही. आत्या गुडघ्यावर बसली आणि खांद्यापर्यंत हात कोठीत घातला.

हात आत फिरला. एका कडेनं. दुसऱ्या कडेनं. बुडाशी नखं पत्र्याला लागल्याचा बारीक आवाज आला.

आशाबाई अर्धं पाऊल पुढे झाली. सांगून टाकावं. आत्ता. 'माझ्या भावाला वाढली.' सगळ्यांसमोर. आत्यानं मान वळवली. तिची नजर थेट आशाबाईवर आली, आणि तिथं जे काही लिहिलेलं होतं ते वाचून परत फिरली.

हात बाहेर आला तेव्हा मूठ घट्ट मिटलेली होती.

"हाय," आत्या म्हणाली.

भर ओसरीवर भाच्याच्या गव्हाबद्दल खोटं न बोललेली बाई.

कोठी उभी झाली. रीतीप्रमाणे मूठ सगळ्यांपुढून फिरली. बद्रीनाथनं कपाळ टेकवलं, बन्सीनं टेकवलं, आप्पासाहेबानं जरा ओशाळून टेकवलं. आशाबाईच्या कपाळाला त्या मुठीची हाडं लागली. आत दाणा नव्हता. नखं तळव्यात रुतलेली होती.

आता मूठ कोठीच्या तोंडावर जाणार. उघडणार. उभ्या कोठीत दाणे पडले की पत्रा कसा वाजतो हे या घरातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. तो आवाज आला की कारभारी म्हणायचा, 'भरलं घर.' तिघं भाऊ त्या आवाजासाठीच कान देऊन उभे होते.

आत्याचा हात कोठीकडे निघाला. सावकाश. जितका सावकाश नेता येईल तितका.

आशाबाईचा हात मागे गेला. मागे परात होती, ओसरीवरून दोन ढिगांसकट तशीच आत आणून ठेवलेली. हाताला येतील ते दाणे तिनं मुठीत धरले.

"थांबा, आत्याबाई. यंदा मी पण हात लावते."

दोन्ही हात एकदमच कोठीच्या तोंडातून आत गेले. आत अंधारात दोन्ही मुठी उघडल्या.

खळ्ळळ्...

"भरलं घर," बद्रीनाथ म्हणाला. बापाच्याच आवाजात.

आत्याचा हात आशाबाईच्या हातावर क्षणभर तसाच राहिला. मग पोती रिकामी व्हायला लागली, थरामागे पाला, पाल्यावर थर, आणि कुणाला बोलायला उसंत राहिली नाही. झाकण बसलं. कणकेनं लिंपलं. बद्रीनाथनं खडू घेतला. 'गहू,' त्यानं लिहिलं. मग थांबून, 'सिहोर, आप्पानं आणलेला.'

त्या गडबडीत आत्या आशाबाईच्या कानाशी आली.

"कोनच्या ढिगातला घेतलास?"

"काय की. हाताला आला तो."

"कोनच्या हाताचा, डाव्या का उजव्या?"

आशाबाईनं परातीकडे बघितलं. उजवा ढीग शाबूत होता. "डाव्या."

"बन्सीचा." आत्यानं कपाळावर हात मारला. "अगं येडे! ओला दाणा बुडाशी! अख्खी कोठी जाईल पावसाळ्यात."

"मग?"

"मग काय. सगळी उपसावी लागंल."

*

बाहेर केरबानं भोंगा वाजवला. बन्सी बोचकं उचलून ओसरीवर आला होता. "चल आत्या. पुढं बस, मागं धूळ लागंल. भागूबाईचं म्या बघतो."

आशाबाईनं पुढं होऊन बोचकं त्याच्या हातातून घेतलं.

"भावजी, आत्याबाईंना नाही जाता येणार. कोठी उपसायचीय."

"आत्ता तर भरली!" आप्पासाहेब म्हणाला.

"नीट नाही भरली. माझ्या हातनं चूक झाली. उद्या उपसायची, दाणा न् दाणा. परत वाळवायची, परत भरायची. मला एकटीला नाही येत." तिनं बोचकं काखेत घट्ट धरलं. "आणि पुढच्या वर्षीही येणार नाही. दुकानदार दारात आणून टाकेल भावजी, पण टाकलेलं ठेवायचं कसं ते दुकानात मिळत नाही."

आप्पासाहेबानं तिच्याकडे बघितलं, फोनवरच्या वहिनीला शोधत असल्यासारखं. "आणि मंजूचं टेबल?"

"पुढच्या खोलीत. टीव्हीच्या जागी."

"टीव्ही?" बद्रीनाथ म्हणाला.

"एक वर्षच तर आहे."

बद्रीनाथनं तोंड उघडलं, आत्याकडे बघितलं, मिटलं.

केरबा टेम्पोच्या दारावर हात ठेवून उभा होता. "म्हंजी मायला न्यायचं नाय का? मग मोकळाच जाऊ? परत कवा येऊ?"

आत्या आतूनच बोलली. धान्याच्या खोलीतून, परातीतले दोन ढीग दोन वेगळ्या डब्यांत भरता भरता.

"पुढच्या चैताला ये. आन् सुगीच्या आधी ताडपत्री घे, बन्सीच्या खळ्यासाठी. चांगली जाड बघून."